इंदूरच्या काळ्या मातीत युक्का: ओट्यापासून मावठ्यापर्यंत वर्षभराची निगा

युक्का हे वाळवंटी झाड आहे, त्याला काहीच करावे लागत नाही, असे समजून आपल्याकडे ते लावले जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत बुडाशी कुजून आडवे होते. मग दोष उन्हाला किंवा कलमाला दिला जातो. प्रत्यक्षात इंदूरचे ४०-४२ अंशांचे ऊन युक्का आनंदाने सोसतो. त्याला मारते ते जून ते सप्टेंबर या काळात काळ्या मातीत मुळांभोवती साचून राहिलेले पाणी. आपल्याकडे वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच पडतो. काळी माती हे पाणी धरून ठेवते, फुगते आणि तिच्यातली हवा संपते. त्यामुळे युक्काची वर्षभराची निगा म्हणजे मुख्यतः पावसाळ्याआधी केलेली तयारी आहे, आणि या लेखात सर्वांत जास्त जागा त्याच तयारीला दिली आहे.

१. रोप निवडताना

नर्सरीत ‘युक्का’ म्हणून किमान चार वेगळी झाडे मिळतात. जाड बुडाचे, रुंद आणि टोकाला मऊ पानांचे झाड बहुधा युक्का गिगँटिया असते. एलिफंटाइप्स हे त्याचेच दुसरे, जास्त प्रचलित नाव. ताठ, सुईसारख्या टोकाच्या पानांचे ते अ‍ॅलोइफोलिया. तशाच बांध्याचे, पण पाने थोडी लवचिक असलेले ग्लोरिओसा. खोड जवळजवळ नसलेले आणि पानांच्या कडांना पांढरे दोरे सुटलेले ते फिलामेंटोसा. यांची निगा बरीचशी सारखी असली तरी दोन फरक आधीच लक्षात घ्यावेत. गिगँटिया जमिनीत लावल्यावर सात-आठ मीटरपर्यंत वाढू शकतो आणि त्याचे बूड हत्तीच्या पायासारखे फुगते, म्हणून तो भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून किमान दोन मीटर दूर हवा. अ‍ॅलोइफोलियाची टोके डोळ्याला गंभीर इजा करू शकतात, म्हणून तो फाटकाजवळ, पायवाटेला लागून किंवा मुले खेळतात त्या बाजूला लावू नये.

रोप घेताना पाने किती हिरवी आहेत याकडे पाहण्याआधी बूड दाबून पाहावे. ते लाकडासारखे घट्ट लागले पाहिजे. बोट आत जात असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर ते रोप फुकट मिळाले तरी आणू नये.

*इशारा:* युक्कात सॅपोनिन असतात. कुत्र्या-मांजरांनी पाने चावली तर त्यांना उलट्या होतात. घरात पाने कुरतडणारे पिल्लू असेल, तर झाडाभोवती कुंपण घालावे किंवा जागा बदलावी.

२. जागेची परीक्षा

दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा घ्यावी. गच्चीच्या पन्हाळीचे पाणी जिथे पडते ती जागा, हिरवळीचा मधला भाग आणि अंगणातला सखल कोपरा या तीन जागा सोडून द्याव्यात. हिरवळीत लावलेल्या युक्काला हिरवळीबरोबर रोज पाणी मिळते, आणि ते थांबवणे घरातल्या कोणालाही जमत नाही, हे मी अनेक बंगल्यांत पाहिले आहे.

त्यानंतर निचरा तपासावा. ३० सेंटिमीटर खोल आणि तितकाच रुंद खड्डा खणून तो पाण्याने काठोकाठ भरावा. ते पाणी जिरले की दुसऱ्यांदा भरावा आणि या दुसऱ्या भरण्याची वेळ मोजावी. तासाला अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी उतरत असेल, तर निचरा चांगला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी पाणी दिसत असेल, तर त्या जमिनीत युक्का थेट लावता येणार नाही. इंदूरच्या बहुतेक जुन्या वस्त्यांत, जिथे घरे शेतजमिनीवर उभी राहिली, तिथे हा दुसराच निकाल येतो.

*तपासणी:* परीक्षा उन्हाळ्यात करू नये. तेव्हा काळ्या मातीला हातभर खोल भेगा पडलेल्या असतात, पाणी त्या भेगांतून नाहीसे होते आणि निचरा उत्तम असल्याचा खोटा भास होतो. जानेवारी-फेब्रुवारीत, माती किंचित ओलसर असताना केलेली परीक्षा खरी.

३. खड्डा नको, ओटा हवा

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, आणि त्या चांगल्या हेतूने केलेल्या असतात. काळी माती युक्काला मानवत नाही हे ठाऊक असलेला माणूस दोन फुटांचा खड्डा खणतो, त्यात रेती, मुरूम आणि खत भरतो आणि झाड लावतो. दिसायला हे अगदी बरोबर वाटते. परंतु भोवतालची चिकण माती पाणी आत घेत नाही, मधली भुसभुशीत भर मात्र लगेच पाणी घेते. त्यामुळे आजूबाजूच्या अंगणाचे पाणी त्या खड्ड्यात उतरते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने तिथेच राहते. आपण काळ्या मातीत एक हौद बांधलेला असतो आणि त्या हौदात झाड उभे केलेले असते. माझे पहिले दोन युक्का मी असेच गमावले. दोन्ही वेळा खड्डा आदल्या वेळेपेक्षा मोठा केला होता, म्हणजे हौदही मोठा झाला होता.

उपाय असा की जमिनीत खाली जाण्याऐवजी जमिनीच्या वर यावे. ओटा पुढील क्रमाने बांधावा.

पहिल्यांदा १.२ मीटर व्यासाचे वर्तुळ आखून त्यातले गवत मुळांसकट काढावे. विशेषतः लव्हाळ्याच्या गाठी एक-एक वेचून काढाव्यात, कारण पुढे युक्काच्या काटेरी पानांखाली हात घालून त्या काढता येत नाहीत.

मग वर्तुळातली माती टिकावाने १० ते १५ सेंटिमीटर खोल उकरून सैल करावी, पण उचलून बाहेर काढू नये. यामुळे खालची माती आणि वरची भर यांत एकदम वेगळा थर तयार होत नाही. माती ओली असेल तर हे काम थांबवावे. ओली काळी माती उकरली की तिची ढेकळे विटेसारखी वाळतात.

आता भर तयार करावी. दोन भाग मुरूम, दोन भाग जाड रेती, एक भाग अंगणातलीच माती ढेकळे फोडून, आणि अर्धा भाग पूर्ण कुजलेले कंपोस्ट असे प्रमाण घ्यावे. रेती जाड, चाळणीवर राहणारीच हवी. गिलाव्याची बारीक रेती काळ्या मातीत मिसळली की मिश्रण सैल होण्याऐवजी घट्ट बसते. बांधकामाच्या मलब्यातले विटांचे तुकडे चालतात, मात्र सिमेंटची भुकटी असलेला मलबा वापरू नये, कारण तो पहिल्या पावसात थिजून बसतो. कंपोस्ट जास्त घालण्याचा मोह टाळावा, कारण ते वर्षभरात कुजून आकसते आणि ओटा मध्यभागी खचतो.

ही भर वर्तुळात रचून मध्यभागी ४५ सेंटिमीटर उंच आणि कडांकडे उतरता होत जाणारा ओटा करावा. साधारण पंचवीस तगाऱ्या भर लागते. ती बसून उंची ३५ सेंटिमीटरवर आली तरी चालते.

शेवटी ओट्याभोवती १५ सेंटिमीटर खोल चर खणावा आणि तो अंगणाच्या उताराच्या बाजूला बाहेर काढावा. चर काढला पण त्याला बाहेरची वाट दिली नाही, तर ओट्याभोवती खंदक तयार होतो आणि पाणी खालून वर चढत राहते.

*तपासणी:* भरीची एक मूठ ओली करून दाबावी. तयार झालेला गोळा बोटाने हलकेच टोचल्यावर फुटला पाहिजे. तो तसाच राहिला, तर रेती आणि मुरूम आणखी घालावेत.

कुंडीत लावणाऱ्यांसाठीही याच प्रकारची एक सूचना आहे. कुंडीच्या तळाशी खडीचा थर घातल्याने निचरा सुधारत नाही. वरच्या मिश्रणातले पाणी खडीच्या सीमेवर येऊन थबकते आणि ओल उलट मुळांच्या अधिक जवळ येते. छिद्रावर जाळीचा तुकडा ठेवून संपूर्ण कुंडी एकाच मिश्रणाने भरावी, आणि कुंडीखाली बशी ठेवू नये.

४. लागवड: वेळ आणि क्रम

झाडे पावसाळ्यात लावावीत, ही सवय आंब्या-जांभळासाठी ठीक आहे. युक्कासाठी ती घातक आहे. लागवडीच्या वेळी तुटलेल्या मुळांच्या जखमा भरायला कोरडी हवा आणि कोमट जमीन लागते. आपल्याकडे ती फेब्रुवारीच्या मध्यापासून रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, निघेपर्यंत मिळते, आणि या वेळी लावलेल्या झाडाला पावसाआधी मुळे धरायला तीन महिने मिळतात. ऑक्टोबरही चालतो, परंतु तो दुसरा पर्याय समजावा.

नर्सरीतून आणलेले रोप आठवडाभर अर्धसावलीत, नंतरचा आठवडा सकाळच्या उन्हात आणि मगच पूर्ण उन्हात ठेवावे. हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप एकदम उन्हात आणले तर पानांवर पांढुरके, कागदासारखे डाग पडतात आणि ते डाग पुन्हा हिरवे होत नाहीत.

पिशवी कापून बाहेरची सैल माती झटकावी. काळी पडलेली, चिरडल्यावर सालपटासारखी सुटणारी मुळे धारदार कात्रीने कापावीत. मुळे कापावी लागली असतील तर रोप दोन-तीन दिवस सावलीत उघडे ठेवावे आणि कापलेले तोंड कोरडे झाल्यावरच लावावे. ओट्याच्या माथ्यावर, पिशवीत होते त्याच खोलीवर किंवा बोटभर उंच असे रोप बसवावे. झाड डोलते म्हणून खोड खोल गाडणे ही फार नेहमीची चूक आहे. डोलणाऱ्या झाडाला काठीचा आधार द्यावा. खोडाभोवती बोटाएवढी गिट्टी पसरावी. वाळलेली पाने, भुसा किंवा नारळाच्या शेंड्या खोडाला टेकतील अशा पसरू नयेत.

मुळे शाबूत असतील तर लगेच पाणी द्यावे, कापली असतील तर पाच दिवसांनी.

५. उन्हाळा: थोड्या वेळा, पण खोलवर

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा आठ-दहा लिटर पाणी सावकाश, खोडापासून हातभर अंतरावर फिरवून द्यावे. दोन वर्षे झालेल्या झाडाला पंधरा दिवसांतून एकदा पंधरा-वीस लिटर पुरते. रोज तांब्याभर पाणी देण्याने वरचा थर तेवढा भिजतो, मुळे वरच राहतात आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की तीच आधी भाजतात. पाणी द्यावे की नाही याची शंका आली, तर हातभर लांबीची कोरडी काडी ओट्यात २० सेंटिमीटर खुपसून पाच मिनिटांनी काढावी. तिला ओलसर माती चिकटली असेल तर थांबावे.

बोअरिंगचे जड पाणी सतत दिल्याने पानांची टोके तपकिरी होतात. शक्य असल्यास नर्मदेच्या नळाचे पाणी द्यावे. खत फेब्रुवारीच्या अखेरीस दोन मुठी गांडूळखत एवढेच. युरिया देऊ नये. त्याने पाने लुसलुशीत होतात आणि पावसात त्यांवरच बुरशी बसते.

फुलांचा दांडा आला तर तो सुकेपर्यंत राहू द्यावा आणि मग बुडाशी कापावा. ज्या शेंड्याला फूल आले तो शेंडा पुढे थांबतो, पण झाड मरत नाही. बाजूने नवे फुटवे येतात. आपल्याकडे युक्काच्या फुलांचे परागीकरण करणारा त्याचा विशिष्ट पतंग नाही, म्हणून बी धरण्याची वाट पाहू नये.

६. मृगाच्या आधीचे पंधरा दिवस

वर्षातले सर्वांत महत्त्वाचे काम याच काळात असते. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी पुढील कामे याच क्रमाने उरकावीत.

१. २५ मेनंतर पाणी बंद करावे. ओटा कोरडा असताना पाऊस लागला पाहिजे.

२. चष्मा आणि जाड हातमोजे घालून बुडाची पूर्ण वाळलेली पाने काढावीत. हिरवी पाने कापू नयेत. झाड सुबक दिसावे म्हणून खालून अर्धी पाने छाटून शेंडीपुरती ठेवण्याची पद्धत झाडाचे अन्न तोडते आणि ऐन पावसाआधी खोडावर डझनभर जखमा करते.

३. पानांच्या बेचक्यांत अडकलेला पालापाचोळा काढावा. शेजारी गुलमोहर किंवा कडुनिंब असेल तर तो हमखास सापडतो, आणि पावसात तोच भिजून शेंडा कुजवतो.

४. चर पुन्हा मोकळा करून त्यात बादलीभर पाणी ओतावे आणि ते बाहेर जाते का हे पाहावे.

५. खचलेल्या ओट्यावर त्याच मिश्रणाची भर घालावी, पण खोडाचा आधी उघडा असलेला भाग झाकू नये. ओट्याबाहेरच्या काळ्या मातीच्या भेगा कोरड्या मातीने बुजवाव्यात, नाहीतर पहिल्या जोरदार सरीचे पाणी त्या भेगांतून ओट्याच्या तळाशी जाते.

७. पावसाळा: हात आखडता, नजर जागी

या चार महिन्यांत पाणी, खत, छाटणी आणि लागवड यांपैकी काहीही करू नये. पंधरा दिवस पावसाने दडी मारली तरी पाणी देऊ नये. कुंड्या मात्र पन्हाळीखालून हलवून विटांवर उचलून ठेवाव्यात.

आठवड्यातून एकदा फेरी मारावी. पानांवर तपकिरी, कडा गडद असलेले गोल ठिपके दिसले तर ते बुरशीचे असतात. अशी पाने कोरड्या दिवशी काढून कचऱ्यात टाकावीत, कंपोस्टमध्ये घालू नयेत. ठिपके पसरत असतील तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरमागे अडीच ग्रॅम घेऊन उघडीप असताना फवारावे. बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने तो पुसावा.

*तपासणी:* शेंड्याच्या मधले सर्वांत कोवळे पान हलकेच ओढावे. ते घट्ट असेल तर झाड सुखरूप आहे. ते सहज हातात आले आणि बूड तपकिरी, दुर्गंधीयुक्त असेल, तर शेंडा कुजला आहे, आणि पुढचा दहावा टप्पा लगेच करावा.

८. अनंत चतुर्दशीनंतर: ऑक्टोबरची फसवणूक

झांक्यांचा चल समारंभ, म्हणजे अनंत चतुर्दशीची देखाव्यांची मिरवणूक, होऊन जातो, पाऊस ओसरतो, ऊन तापते आणि युक्काची पाने अचानक मलूल दिसू लागतात. घरातली मंडळी म्हणतात, झाड तहानले आहे, आणि नळी लावतात. बरीच झाडे पावसाळ्याने अर्धवट आणि या पाण्याने पूर्णपणे मरतात. पावसात कुजलेली मुळे उन्हात पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाने मलूल होतात. जमिनीत पाणी असूनही ती मलूल होतात. म्हणून या महिन्यात नळीला हात लावण्याआधी काडी खुपसून पाहावी आणि खोडाचे बूड चहूबाजूंनी दाबावे. काडी ओली आणि बूड मऊ, तर पाणी वर्ज्य. काडी कोरडी आणि बूड घट्ट, तरच पाणी द्यावे.

बुडाशी आलेली पिल्ले वेगळी करायची असतील तर ती याच महिन्यात करता येतात. वीतभर उंच, स्वतःची मुळे असलेले पिल्लू धारदार सुरीने वेगळे करून चार दिवस सावलीत वाळवावे आणि नुसत्या ओलसर रेतीत लावावे.

९. हिवाळा

फारसे काम नाही. तीन-चार आठवड्यांतून एकदा, सकाळी, पाणी पुरे. मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, पडला तर तेवढेही नको. पारा ५ अंशांच्या आसपास उतरणार असेल, तर गिगँटियाच्या कोवळ्या शेंड्यावर रात्री जुनी चादर टाकून सकाळी काढावी. बाकीच्या जातींना त्याची गरज नाही. प्लास्टिक टाकू नये, त्याखाली दव साचते.

१०. कुजलेले झाड वाचवणे

बूड मऊ झाले म्हणजे सगळे संपले असे नाही, परंतु उशीर केला तर संपते. मऊ भागाच्या वर, घट्ट खोडावर, स्वच्छ करवतीने आडवा काप घ्यावा. कापलेल्या तोंडात तपकिरी डाग किंवा रेषा दिसली तर आणखी पाच सेंटिमीटर वर कापावे, आणि तोंड सगळीकडे पांढरे-पिवळसर दिसेपर्यंत असेच वर जात राहावे. प्रत्येक कापानंतर करवत स्पिरिटने पुसावी, नाहीतर कूज पात्याबरोबर वर चढते. लांब खोडाचे तुकडे करत असाल तर प्रत्येकाच्या वरच्या टोकावर खडूने खूण करावी. उलटा लावलेला तुकडा रुजत नाही.

कापलेले तोंड आठवडाभर हवेशीर सावलीत वाळवावे. पावसाळ्यात हे घराच्या पडवीतच होते, उघड्यावर होत नाही. मग तुकडा १० सेंटिमीटर खोल, जाड रेती भरलेल्या कुंडीत उभा करून आधार द्यावा आणि पहिले दहा दिवस पाणी देऊ नये. त्यानंतर दहा-बारा दिवसांतून एकदा रेती जेमतेम ओली करावी. मुळे आली की नाही हे उपटून पाहू नये. हलके ओढल्यावर तुकडा विरोध करू लागला आणि शेंड्यावर नवे पान दिसले की मुळे आली असे समजावे. त्यासाठी दोन-तीन महिने लागतात. जुन्या जागेची माती काढून टाकून ओटा नव्याने रचावा आणि रुजलेला तुकडा येत्या फेब्रुवारीपर्यंत कुंडीतच राहू द्यावा.